दूध टाळा

ढोरांच्या डॉक्टरला लोक काय वाटेल ते विचारतात. कोंबडी अवेळी आरवते, घरावर काही संकट आहे का? म्हैस फक्त सासूलाच दूध देते, सुनेला काऊन नाही देत? पण "डाक्टर, दह्याले काही दवाई रायते का?" हा प्रश्न माझ्या आख्ख्या नोकरीत मला एकाच माणसाने विचारला. तो आला तेव्हा मी नेमका दोन विद्यार्थ्यांना औषध कसं निवडावं ते शिकवत होतो.

तेव्हा मी राज्याच्या पूर्व टोकाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात होतो. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, जनावर अडकवायचा एक लोखंडी खोडा, औषधांचं एक कपाट, आणि मागे बोडी, म्हणजे लहान तलाव. त्यात गावच्या म्हशी दिवसभर बसून असत आणि माझ्याकडे यायची वेळ आली की उठत नसत.

माझा बाप गावची ढोरं चारायचा. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी लांबूनसुद्धा पाहिलेली नव्हती. म्हणून पदवी मिळाल्यावर मी दारावर पाटी लावली आणि तिच्यावर नावापेक्षा पदवी मोठी लिहायला लावली. पेंटर म्हणाला, "एवढी अक्षरं कायले? जागा नाही पुरून राहिली." मी म्हणालो, "नाव बारीक कर. नाव फुकट मिळालं होतं." आजही ती पाटी आहे. कुणी मला ढोरडाक्टर म्हटलं तर मला राग येत नाही. बाप ढोरं हाकायचा, मी ढोरं बरी करतो. आमच्या घरात यापेक्षा मोठी बढती कुणाला मिळालेली नाही.

तर विद्यार्थी. कॉलेजकडून दर वर्षी शेवटच्या वर्षाची पोरं दोन-तीन महिने खेड्यात शिकायला यायची. ती येत तेव्हा त्यांनी सगळं वाचलेलं असायचं. कोणतं औषध कोणत्या जंतूच्या भिंतीला कुठून भोक पाडतं हे घडाघडा सांगत. पण खोड्यात गाय उभी राहिली की सगळ्यांचा हात जायचा एकाच बाटलीकडे, पिवळ्या.

याचं एक कारण गावात होतं. आमच्या लोकांनी औषधांची स्वतःची विभागणी करून ठेवली होती. लाल सुई ताकदीची, पांढरी सुई जखमेची आणि पिवरी सुई सगळ्याची. बैल लंगडला, पिवरी. गाय फळली नाही, पिवरी. एका बाईने तर बकरी हरवली होती ती सापडल्यावर आणली आणि म्हणाली, "जंगलात रात काढलन हिनं, एक पिवरी मारून द्या." सुई न देता जनावर परत पाठवलं तर माणूस दिवसभर गावात सांगत फिरायचा, डाक्टरनं हातसुदा नाही लावला.

दुसरं कारण पुस्तकात होतं. पोरांना विचारलं, पिवळीच का? तर छाती काढून सांगत, "सर, ब्रॉड स्पेक्ट्रम आहे." मी म्हणायचो, "ब्रॉड स्पेक्ट्रम म्हणजे 'मला माहीत नाही' याचं इंग्रजी." म्हणून माझ्याकडे नियम होता. बाटलीला हात लावायच्या आधी मालकाच्या देखत, मोठ्याने, मराठीत बोलायचं. रोग काय? तो जंतूंचा आहे का? असेल तर कोणत्या? हे औषध त्या जागी पोचतं का? आणि दुधाचं काय? पहिल्या दोन प्रश्नांतच गाडी अडली तर बाटली जागच्या जागी. आणि या सगळ्याच्या आधी एक वाक्य मी पहिल्या दिवशी पाठ करून घ्यायचो: मालक काय सांगतो ते नीट ऐका.

त्या उन्हाळ्यात दोघं आले होते. मुलगी अकोल्याकडची, मोजकं बोलणारी, पण एकदा हसायला लागली की आवरायची नाही. मुलगा सांगलीकडचा, उंच, गोरा, अतिशय नम्र. वाक्यात 'सर' नाही असं वाक्य त्याने बोललेलं मला आठवत नाही. त्याने लहानपणापासून हत्तीएवढ्या जर्सी गाई पाहिलेल्या. आमच्याकडच्या गावठी गाई पाहून पहिल्या दिवशी म्हणाला, "सर, ही सगळी वासरंच आहेत का?"

येऊन आठवडाही झाला नव्हता त्याला. सोमवारी मी त्या मुलीला घेऊन आमच्या तालुक्यातल्या प्रतापगडाच्या पायथ्याच्या गावांत लसीकरणाला गेलो आणि त्याला दवाखान्यात ठेवला. संध्याकाळी विचारलं, काही विशेष? तो म्हणाला, "एक सीरियस केस होती सर, सांभाळली." मी शाबासकी दिली. दिवसभर उन्हात फिरून मला ऐकायचीही ताकद नव्हती.

गुरुवारी सकाळी बोडीपलीकडचा एक पोवार शेतकरी सायकल टेकवून आत आला. साठीचा, धानाची चांगली शेती, मितभाषी माणूस. बाकावर बसला, गमछ्याने तोंड पुसलं, आणि तो प्रश्न विचारला.

"दह्याला?" मी म्हणालो. "दह्याला काय झालं?"

"लागूनच नाही राहिलं, जी. तीन दिस झाले. दूध तापवते, इरजन टाकते, अन् पाहाले जा तं दूधच."

"मामा, मी ढोरडाक्टर आहे. दहीडाक्टर नाही."

"तं मी कोनाकडे जाऊ? दूध तं ढोराचंच हाय न?"

मी त्याला पाणी दिलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

त्याच्या बायकोने लग्नात माहेराहून विरजण आणलं होतं. वाटीभर दही, फडक्यात बांधून. तेव्हापासून त्या घरात रोज त्याच विरजणाचं दही लागायचं, आज लावलेल्यातून उद्याला थोडं. एवढ्या वर्षांत ते एकदाही नासलं नव्हतं, आणि त्याची बायको हे रोज कुणाला तरी सांगायची. या वैशाखात पोराचं लग्न झालं. सून बालाघाटकडची, हिंदी मुलखातली. सासूने मोठ्या मनाने विरजण नव्या सुनेच्या हाती दिलं, आणि आठ-दहा दिवस बरे गेल्यावर दही लागणं बंद झालं.

"आता बुढी म्हनते, पोरीच्या हाताले गुन नाही. माह्या माहेरचं इरजन मारलन. एतवारी पोरीचा बाप नेवाले येऊन राहिला. बुढी म्हनते, त्याच्यापाशी सगळ्यायसमोर सांगतो, घेऊन जा अन् तितंच ठेवा." त्याने गमछा खांद्यावर टाकला. "बुढी बोलते तं करते, डाक्टर. पोरगी चांगली हाय. दोन दिसापासून रडून राहिली."

माझ्या मागे उभा असलेला सांगलीचा मुलगा एकदम सुटकेचा श्वास टाकून म्हणाला, "चला सर, राहिली ना एकदाची! बरं झालं."

म्हातारा त्याच्याकडे पाहतच राहिला. "काय बरं झालं, बापू?"

"सर, हेच म्हणाले ना, रडायची राहिली?"

अकोल्याच्या मुलीने तोंडावर ओढणी धरली. मला आधी राग आला, आणि मग सोमवारची ती केस आठवली. मी त्याला विचारलं, "राहिली म्हणजे काय रे?"

"राहिली म्हणजे थांबली, सर. बंद झाली. आमच्याकडे म्हणतात ना, पाऊस पडायचा राहिला."

"आमच्याकडे पाऊस पडून राहिला म्हटलं की माणूस छत्री घेतो."

तो हसला. मग त्याचं हसू हळूहळू मावळलं. शिकलेला मुलगा होता, हिशेब लावायला वेळ लागला नाही. मी विचारलं, "सोमवारची सीरियस केस. कोणाची होती? काय सांगितलं होतं मालकाने?"

"कपिली गाय होती सर, कपाळावर पांढरा ठिपका. एक बाई घेऊन आल्या होत्या."

"आमचीच," म्हातारा म्हणाला.

"बाई म्हणाल्या, गाय खाऊन राहिली. रवंथ करून राहिली. दूध देऊन राहिली." त्याचा आवाज प्रत्येक वाक्याला एकेक पायरी उतरत गेला. "मला वाटलं सर, तिन्ही राहिलं म्हणजे गाय जातेय."

अकोल्याची मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

"मग गाय जर एवढी ठणठणीत होती, तर बाई आणली कशाला म्हणाल्या?"

"कानात गोचीड झालेत असं काहीतरी म्हणत होत्या सर. ते मी किरकोळ समजून सोडून दिलं. मी तपासलं सर! ताप होता. एकशे तीन."

"गाय आली कशी?"

"चालत, सर."

"किती वाजता?"

"दुपारी, सर."

"वैशाखात दुपारी बोडीला वळसा घालून चालत आलो तर माझ्याही बगलेत एकशे तीन भरेल. सावलीत बांधून अर्ध्या तासाने पुन्हा का नाही पाहिलं? आणि दूध राहिलं म्हणतोस, सड पिळून बघितलास?"

"बघितला सर. धार आली. पण तुम्हीच म्हणाला होता, मालकाचं ऐका."

"ऐका म्हणालो. गाईचं ऐकू नका म्हणालो नाही."

म्हातारा मध्येच कौतुकाने म्हणाला, "बुढी लय खूश होती. म्हने, नवा साहेब मोठा दिलदार. गोचिडाले गेली तं मांगल्याबिगर पिवरी सुई देलन, दोन्ही पुठ्ठ्यात."

दोन्ही पुठ्ठ्यात. मी कपाट उघडलं. पिवळ्यातही ती जास्त दिवस टिकणारी बाटली होती, आणि बऱ्यापैकी खाली गेलेली. विचारलं, "गाय किती वजनाची धरलीस?"

"चारशे किलो, सर."

"चारशे! अरे, ती गाय, तिचं वासरू आणि हे मामा एकत्र तोलले तरी चारशे भरणार नाहीत."

आता सरळ होतं. धडधाकट गाईला जंतुनाशक औषध, तेही दुप्पट, तेही हळूहळू सुटणारं. रक्तातून दुधात, दुधातून दह्याच्या भांड्यात. दही लावतात तेही जंतूच, गुणाचे जंतू. औषधाला गुणाचे आणि अवगुणाचे कळत नाहीत. बिचाऱ्या विरजणाने काय करावं?

"निदान दुधाचं तरी सांगितलं होतंस का?" मी विचारलं. हा माझा शेवटचा प्रश्न असायचा, आणि पोरं तोच विसरायची.

"सांगितलं, सर!" त्याचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "अगदी स्पष्ट. दोनदा. म्हणालो, बाई, आठवडाभर दूध टाळा."

"हो," म्हातारा म्हणाला. "लावला न ताला."

मागे बोडीतली एक म्हैस ओरडली.

"कुठे लावला?"

"दुधाले. जाळीच्या अलमारीले. बुढी म्हने, साहेबानं दुधाले ताला लावाले सांगतलन, काही मांजराबिंजराचा रोग असन. चाबी सुनेपाशी देलन. तवापासून दुधाले दुसऱ्या कोनाचा हातच नाही लागला. म्हनूनच तं!"

म्हणूनच तर. मला त्या बाईचा तर्क कळला, आणि खरं सांगतो, माझ्या कोणत्याही विद्यार्थ्यापेक्षा तो चोख होता. दूध कुलपात. चावी एकीकडे. दही बिघडतं. मग बिघडवणारी कोण?

आम्ही निघालो. मुलगी माझ्या मोटरसायकलवर आणि सांगलीकर म्हाताऱ्याच्या सायकलच्या कॅरिअरवर. त्याचे पाय जमिनीला घासत होते, आणि म्हातारा दर चढाला म्हणत होता, "बापू, तू चारशे किलोचा हायेस."

सासूबाई अंगणातच होत्या. अंगाने बारीक, आवाजाने जबर. सांगलीकराला पाहून त्यांनी आधी आनंदाने खाट टाकली. मी सगळं समजावून सांगितल्यावर त्यांनी ती खाट काढून घेतली नाही, पण काढून घ्यावी असं त्यांना वाटत होतं हे दिसत होतं.

"सुई तं गाईले देलन. दह्याले कायले लागन?"

"मावशी, विरजणात बारीक बारीक जीव असतात. डोळ्याला दिसत नाहीत. ते दूध घट्ट करतात. औषधाने ते मरतात."

"माह्या माहेरच्या इरजनात किडे हायेत म्हनता?"

"किडे नाही..."

"माह्या बापाच्या घरून किडे आनले मी? फडक्यात बांधून?"

माझी पाच वर्षांची पदवी इथे थांबली. दाराआड सून उभी होती. एकोणीस-वीस वर्षांची असेल. डोळे सुजलेले, पदराला चावी बांधलेली. ती एवढंच म्हणाली, "मैंने कुछ नहीं किया जी. रोज जसं सांगतलं तसंच केलं."

"पाहा," सासू म्हणाली. "तसंच करते अन् नाही लागत. म्हंजे हातातच नाही."

एव्हाना शेजारीण कुंपणावरून बघू लागली होती, आणि तिच्यामागे आणखी दोघी. मला एक सुचलं. मी विचारलं, "मावशी, जुनं विरजण थोडं तरी उरलं आहे का? सुई द्यायच्या आधीचं?"

होतं. दही बिघडलं त्या पहिल्या दिवशीच सासूने संशयाने आदल्या दिवशीचं थोडं एका गाडग्यात काढून ठेवलं होतं आणि ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवलं होतं. दोन चमचे असेल. त्याच्याकडे ती अशी बघत होती की मला मागायला जीभ रेटेना. पण मागितलं.

"असं करा. अर्धं तुमच्या सुनेला द्या. ती शेजारच्या गाईच्या दुधाला लावेल. अर्धं तुम्ही स्वतः लावा, तुमच्या कपिलीच्या दुधाला. तुमच्या हाताला गुण आहे ना?"

"हाय म्हंजे? अख्ख्या गावाले विचारा."

"मग लावा. तुमचं लागलं तर मी माझ्या दारावरची पाटी काढून टाकतो."

हे मी काय बोलून बसलो ते तोंडातून गेल्यावर मला समजलं. अकोल्याच्या मुलीने मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "सर, सुई देऊन तीन दिवस झाले. औषध उतरत आलं असेल. आज हिचं दही लागलं तर?"

तर सगळं संपलं. सासूचं लागलं, मग सुनेचा हात खोटा ठरला, आणि तो मीच ठरवला, शेजारणींना साक्षीला बसवून. जन्मभर मी पोरांना ओरडत आलो की दुधात औषध राहू देऊ नका, आणि आता मनातल्या मनात म्हणत होतो, राहू दे, आज दुपारपर्यंत राहू दे. सगळी भिस्त सांगलीकराच्या वजनाच्या अंदाजावर होती. बरोबर मात्रा दिली असती तर माझी काही खात्री नव्हती. दुप्पट होती, म्हणून आशा.

सासूने सकाळचं दूध कोमट केलं, बोटाने पाहिलं, विरजण घातलं, तीनदा हलवलं आणि देवाला दाखवावं तसं आम्हाला दाखवलं. सुनेने शेजारणीचं दूध घेतलं. सासऱ्याने तिच्यासाठी भांडं धरलं. दोन्ही गाडगी एकाच कोनाड्यात ठेवली. वैशाखातलं आमच्याकडचं ऊन असं असतं की दही लागायला रात्र लागत नाही, दुपार पुरते. आम्ही पडवीत बसलो.

बसल्या बसल्या मी तास घेतला. दुसरं करणार काय?

"आता मला सांग," मी सांगलीकराला म्हटलं, "या गाईला सोमवारी तू काय द्यायला हवं होतंस?"

"काही नाही, सर."

"काही नाही हे उत्तर मोठ्याने सांगता येतं का मालकाला?"

"अवघड आहे, सर. ते म्हणतील हातसुद्धा लावला नाही."

"मग हात लाव. कान धर, गोचीड दाखव, औषध चोळ, पाठीवर थाप मार, गाईचं कौतुक कर. माणसाला सुई नको असते, आपल्याकडे पाहिलं हे हवं असतं."

"मले तं सुईच पायजे रायते," कुंपणावरची शेजारीण म्हणाली.

"अन् समज, खरंच ताप असता," मी तिच्याकडे लक्ष न देता पुढे गेलो, "तर?"

"आधी जागा शोधायची, सर. फुफ्फुस, कास, गर्भाशय. मग तिथे कोणते जंतू असतात ते. मग त्यांना पुरेल असं साधं, थोडक्या दिवसांचं औषध. पिवळी सगळ्यात शेवटी."

"कासेतल्या दुधाचा नमुना घेऊन आधी तपासायला पाठवायचा," मुलगी म्हणाली.

"अन् बोली शिकायची," म्हातारा म्हणाला. त्याने तीन शब्दांत माझा तास संपवला.

"ते सगळ्यात आधी," मी म्हणालो.

सासू तेवढ्यात दोनदा कोनाड्यात डोकावून आली. मीही एकदा डोकावलो. तिने मला बघितलं. "पाटी काढाची घाई झाली का डाक्टर?" ती म्हणाली.

उन्हं कलली तशी शेजारीण कुंपण सोडून थेट अंगणात आली. आता थांबायचं कारण नव्हतं. आधी सुनेचं गाडगं. तिने ते कोनाड्यातून काढलं आणि तिरपं केलं. काही सांडलं नाही. आणखी तिरपं केलं. दही गाडग्याला चिकटून बसलेलं, वर पाण्याचा थेंब नाही. सुनेने माझ्याकडे पाहिलं, मग सासूकडे.

"शेजारच्या गाईचं दूध चांगलं हाय," सासू म्हणाली. "त्यात काय."

मग तिने आपलं गाडगं उचललं, आणि त्या क्षणी मी शपथेवर सांगतो, मला पदवीदान समारंभात वाटली नव्हती तेवढी भीती वाटली. तिने ते जरासं कलतं केलं. पांढरी धार सरळ तिच्या पायावर.

दूधच. कडेला दोन-चार कण, बाकी दूध. सांगलीकराने हात जोडले, कुणाला ते कळलं नाही. मला वाटतं, स्वतःच्या चुकीच्या अंदाजाला.

शेजारणीने एवढी वर्षं या क्षणाची वाट पाहिली असावी. "काऊन वो बाई," ती म्हणाली, "तुह्या हाताचा गुन कुठी गेला?"

सासूने ओला पाय झटकला. ती एकदा गाडग्याकडे, एकदा सुनेकडे, एकदा शेजारणीकडे बघत होती. तिच्यापुढे आता दोनच वाटा होत्या. एक तर आपला हात बिघडला असं शेजारणीसमोर कबूल करायचं, नाहीतर दूध बिघडलेलं होतं असं म्हणायचं. आणि दूध बिघडलेलं होतं, तर ते सोमवारपासूनच बिघडलेलं होतं.

"माह्या हाताले काही नाही झालं," ती कडाडली. "कोनाच्याही हातानं नाही लागनार ते. दवाई हाय त्यात! डाक्टर फजरपासून बोंबलून राहिले, तुह्या कानात गेलं नाही का वो?"

मग सांगलीकराकडे वळली. "अन् तू रे बापू! दूध फेकून द्या म्हनाले तुह्या तोंडाले काय झालं होतं? टाळा म्हने! चांगल्या घरच्या पोरीले रडवलंस." तो मान खाली घालून "चुकलं मावशी" म्हणाला. त्या एका वाक्यात 'सर' नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं.

ती सुनेला काही बोलली नाही. माफी वगैरे आमच्याकडे सासवा मागत नाहीत. तिने सुनेच्या हातातलं गाडगं घेतलं, एक बोट दही चाखलं आणि म्हणाली, "जास्त आंबट नाही. बरं लागलं." आणि ते गाडगं, म्हणजे तिच्या माहेरच्या विरजणाचा उरलेला सगळा वंश, परत सुनेच्याच हातात दिलं.

जाताना मी कपिलीच्या कानातले गोचीड काढले. तेवढं तिचं मूळ काम कुणी केलंच नव्हतं.

रविवारी आम्हा तिघांना जेवायचं बोलावणं आलं. सुनेचा बाप बालाघाटकडून आला होता, धिप्पाड, मिशांचा, आणि मुलीच्या सासरी बाप बसतो तसा खाटेच्या कडेवर बसलेला. पानात भात, कढी, शेजारच्या दुधाची. सासू वाढता वाढता त्याला सगळी गोष्ट सांगत होती, आणि मी घास हातात धरून ऐकत होतो, कारण ती गोष्ट मलाच नवीन होती.

"तुमची पोरगी मोठी हुशार हाय, भाऊ. पहिल्या दिशीच म्हने, माय, या दुधात काही तरी हाय. मी म्हनलो, हिचं ऐकाले पायजे. मंग डाक्टरायले बोलवलो. हे तिघं आले, बसले दिवसभर पडवीत, तवा कुठी समजलं त्यायले."

सांगलीकर म्हणाला, "सर, पण..." मी त्याच्या पायावर पाय ठेवला.

दाराआडून सून बघत होती. बाप माझ्याकडे वळून अदबीने म्हणाला, "सच है क्या डॉक्टर साहब?"

माझ्या पदवीचा प्रश्न होता. घराण्यातली पहिली पदवी, आणि ती एका वाटीभर दह्यापुढे हरली असं सगळ्या गावात होणार होतं. मी कढीचा भुरका मारला.

"सोळा आणे सच," मी म्हणालो.

बापाच्या मिशा रुंद झाल्या. तो थोडा सैल झाला, खाटेवर मागे सरकून नीट बसला आणि भीत भीत म्हणाला, "समधन, बिटिया को महीना भर रहने देंगे क्या हमारे यहाँ? उसकी माँ बहुत याद करती है।"

सासूने कढीची पळी खाली ठेवली.

"महिना?" ती म्हणाली. "अन् इतं दही काय तुमी लावसान?"